ठोकळ्यांची मोटार आणि पाइपाचं सोल्युशन

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जुनी म्हणजे जुन्या वळणाची. बाहेर आलेले दोन गोल दिवे, बाजूला पाय ठेवायची फळी, वर टप, मागे बांधलेलं जादाचं चाक. अशा मोटारी तुमच्या पणजोबांनी पाहिल्या असतील. मी मात्र रस्त्यावर कधी धावले नाही. माझी लांबी एक वीत आणि चार बोटं. मुलांच्या खेळातले प्लास्टिकचे ठोकळे असतात ना, एकमेकांवर दाबले की टच्चकन बसणारे, त्यांची मी बनलेली आहे.

माझी गोष्ट गोड नाही. माझ्या आयुष्यातली दोन वर्षं शिसारी येण्यात गेली, आणि त्या दोन वर्षांचा वास अजून माझ्या अंगातून पुरता गेलेला नाही. पण ज्या बाईंनी मला घडवलं त्यांची हकीकत सांगायची तर तो वास वगळून सांगता येणार नाही.

माझा जन्म दौंडच्या रेल्वे कॉलनीतला, १९९६ सालचा. तिथले एक साहेब बदली होऊन गेले आणि त्यांच्या घरातला नको तो पसारा क्वार्टरांमागच्या उकिरड्यावर पडला. त्यात ठोकळ्यांचं एक पोतं होतं. कुणा बाळाने चावून ठोकळ्यांवर दात उमटवले होते. सांडलेलं दूध वाळून त्यांच्या खोबणीत पिवळं झालं होतं, आणि पोत्यात उंदरानेही संसार थाटून पाहिला होता. लोक नाकाला पदर लावून जात होते. मला पुढे घडवणारी मदिना मात्र थांबली. तिने पोत्यात हात घातला, एक लाल ठोकळा काढला, दुसरा काढला, एकावर एक बसवले आणि पुन्हा सोडवले. मग ते पोतं डोक्यावर घेऊन ती घरी आली.

शेजारच्या पुतळाबाई दारातच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं मदिना, घान कशापाई घरात आनती? तुला का लेकरं हायत खेळायला?"

"मलाच खेळायचंय, मावशी," मदिना म्हणाली.

मदिना तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. तिने लग्न केलं नव्हतं. रेल्वेच्या ऑफिसात ती ट्रेसर होती. ट्रेसर म्हणजे काय, तर साहेबांनी काढलेल्या पुलांच्या, शेडच्या, पाण्याच्या टाक्यांच्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवून त्यांची हुबेहूब नक्कल काढणारा माणूस. वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या रेघांवरून रेघा ओढत होती. तिची रेघ केसासारखी बारीक यायची आणि कुठेही थरथरायची नाही. आता ऑफिसात कॉम्प्युटर येणार, नकला यंत्रातून निघणार, असं सगळे बोलू लागले होते. मदिनाच्या टेबलावर काम कमी आणि वेळ जास्त झाला होता.

घरात तिचे वडील होते, बद्रुद्दीन. कॉलनीत त्यांना सगळे आबा म्हणत, मदिना अब्बा म्हणायची. तरुणपणी ते शिरूरच्या एका अडत व्यापाऱ्याच्या मोटारीवर ड्रायव्हर होते. ती मोटार विलायती, हँडल मारून सुरू होणारी. पुढे व्यापाऱ्याच्या मुलांनी ती भंगारवाल्याला दिली. आबा त्या दिवशी घोडनदीच्या पुलापर्यंत बैलगाडीमागून चालत गेले होते, कारण भंगारवाल्याने मोटार बैलगाडीला बांधून ओढत नेली होती. ही गोष्ट ते फार वेळा सांगत नसत. सांगितली की जेवत नसत.

मदिनाने सोड्याच्या गरम पाण्यात तीन दिवस ठोकळे भिजत घातले. दात घासायच्या जुन्या ब्रशने एकेक खोबण घासली. मग ती अब्बांसमोर वही घेऊन बसली.

"अब्बा, तुमची मोटार कशी होती ते सांगा. आठवेल तेवढं नको. सगळं सांगा."

आबांचे डोळे तेव्हाच अधू होऊ लागले होते, पण हात पक्के होते. बोनेट किती लांब ते त्यांनी वितीने दाखवलं. दिव्यांची उंची त्यांनी गुडघ्यापाशी हात धरून दाखवली. मदिनाने ते सगळं बाराव्या हिश्शाला आणलं आणि आलेखाच्या कागदावर मांडलं. ठोकळ्याला कोपरे चार आणि मोटारीला कोपरा एकही नाही, ही खरी अडचण होती. चाकावरचं मडगार्ड गोल यायला हवं. तिरपे ठोकळे उलटेसुलटे लावून तिने ते आणलं. दिव्यांसाठी एका तुटक्या खेळण्यातले पारदर्शक गोल तुकडे घेतले.

बाहेरचं अंग वर्षभरात झालं. कॉलनीतल्या लोकांनी मला हातात घेऊन वाहवा केली. आबांनी मला हातात घेतलं, बोटांनी चाचपलं आणि स्टेअरिंग फिरवून पाहिलं. ते नुसतंच फिरलं.

"चाकं वळंनात," ते म्हणाले.

"ती शोभेची आहेत, अब्बा. एवढ्याशा जागेत कशी वळणार?"

"मग ही मोटार न्हाई पोरी. ह्यो डबा हाय."

मदिनाला त्याचा राग आला नाही. मनातून तिलाही वळणारी चाकंच हवी होती. त्यानंतर दोन वर्षं तिने एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला. स्टेअरिंग फिरवलं की दांड्याखालचं दात्यांचं चाक फिरावं, त्याने दात्यांची पट्टी डावी-उजवीकडे सरकावी आणि पट्टीने पुढची दोन्ही चाकं बरोबर वळवावीत. हे सगळं दोन ठोकळ्यांच्या उंचीत, बोनेटच्या अरुंद पोटात बसवायचं होतं. एकेचाळीस वेळा तिने मला उघडलं आणि पुन्हा जोडलं. मित्रांनो, उघडलं जाण्याची मला कधी भीती वाटली नाही. ठोकळ्यांच्या वस्तूला मरण नसतं. तिला सुटता येतं, म्हणूनच तिला पुन्हा होता येतं. मदिना एकेक तुकडा सोडवायची, फडक्याने पुसायची, आणि मला अंघोळ झाल्यासारखं वाटायचं.

१९९९ च्या थंडीत एका रविवारी पट्टी सरकली आणि चाकं वळली.  मदिनाने मला आबांच्या मांडीवर ठेवलं. आबांनी एका बोटाने स्टेअरिंग फिरवलं, दुसऱ्या हाताने पुढचं चाक चाचपलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा चाचपलं. मग म्हणाले, "न्हावऱ्याच्या वळणावर अशीच वळायची बघ." आणि त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवले.

मदिनाने माझे नकाशे काढले. माझ्या अंगात चौदा थर आहेत. खालून वर, एका थराला एक कागद, असे चौदा कागद. कुठला ठोकळा कुठे, कोणत्या रंगाचा, कुणाच्या पोटात काय, सगळं त्यात होतं. पुढे तिने माझ्यासारख्या आणखी पाच मोटारी केल्या, एक लॉरी, एक टपाची बस असं काय काय. पण स्टेअरिंगने चाकं वळायची ती फक्त माझीच.

आता सुदामशेठ येतात.

भांडगावच्या पुढे पुणे–सोलापूर रस्त्यावर त्यांचं नवं हॉटेल उभं राहत होतं. २००१ चं साल. जुन्या काळाची सजावट करायची, भिंतीवर नांगर, कंदील, जात्याचे दगड टांगायचे असा त्यांचा बेत होता. कुणीतरी त्यांना आमच्याबद्दल सांगितलं. ते क्वार्टरात आले, खुर्चीत बसले आणि न विचारता मला उचललं. त्यांच्या अंगठ्याला तंबाखूचा चुना लागलेला होता. तो अंगठा त्यांनी माझ्या पुढच्या सीटवर दाबला आणि तिथेच पुसला. मला आलेली ती पहिली शिसारी.

"मदिनाताई, तुमच्या हातात जादू हाय," ते म्हणाले. "असली कला ह्या दोन खोल्यांत कुजवायची व्हय? आपल्या हॉटेलात काचेचं कपाट करतो. वर तुमचं नाव. आठ दिवस द्या, उद्घाटन झालं की आणून देतो."

मदिनाचा चेहरा मी पाहिला. इतकी वर्षं नकाशाच्या कोपऱ्यात तिची दोन अक्षरं पडत होती, तीही भिंगाने वाचावी लागत. आपलं नाव कपाटावर येणार म्हटल्यावर तिने चहात साखर जास्त घातली.

"हे कागद कशाचे?" सुदामशेठनी विचारलं.

"थरांचे नकाशे आहेत. मोटार कशी केली ते."

"ते बी द्या की. फ्रेम करून लावू. लोकांना कळायला पायजे, किती मेहनत हाय."

 नक्कल काढून मग देते, असं मदिना म्हणाली. त्याला चार दिवस लागले असते. सुदामशेठ म्हणाले, टेम्पो बाहेर उभा हाय. आणि तिने आम्हा सहा मोटारींबरोबर कागदही दिले.

हॉटेलात काचेचं कपाट नव्हतं. एक उघडी फळी होती, गल्ल्याच्या मागे. फळीवर ठेवलेल्या मोटारी गिऱ्हाइकं उचलून नेतील म्हणून सुदामशेठनी एक पिवळा डबा मागवला. शेतात पाइपलाइन टाकताना पाइप जोडायला जे सोल्युशन लावतात, ते. मित्रांनो, ते साधा डिंक नसतं. ते प्लास्टिकला वितळवतं आणि दोन तुकड्यांचा एक तुकडा करून टाकतं. हॉटेलातल्या एका माणसाने ब्रश बुडवला आणि माझ्या चाकांना लावला. मग खालून लावला. मग, "आतून बी निसटाया नको," म्हणून टपाच्या फटीतून डबा वाकडा करून ओतला. डोक्यात जाणारा तो उग्र वास घेऊन ते माझ्या फटीफटींत उतरलं. माझी पट्टी थिजली, माझे दाते एकमेकांना चिकटले. वरून चकाकी यावी म्हणून व्हार्निशचा हात मारला. ते पिवळं, मेणचट झालं आणि त्यात दोन माश्या तशाच वाळल्या. एक अजून माझ्या डाव्या दिव्यावर आहे.

उद्घाटन दसऱ्याला झालं. मदिना आबांना घेऊन आली होती. तिने ऑफिसच्या निरोप समारंभांना नेसायची ती राखाडी साडी नेसली होती. लोक फळीसमोर उभे राहून बघत होते. कुणा बातमीदाराने विचारलं, ह्या कुणी केल्या? सुदामशेठ माझ्या टपावर हात ठेवून म्हणाले, "मीच केल्या. लहानपणापास्नं नाद हाय मला. चार वर्षं खपलोय ह्यांच्यामागं."

फळीवर पाटी होती. तिच्यावरही त्यांचंच नाव होतं.

आबांच्या हातात जेवणाचं ताट होतं. ते त्यांनी खाली ठेवलं. मदिना पुढे आली. तिचा आवाज चढला नव्हता.

"सुदामशेठ, तुम्ही हे काय बोललात?"

त्यांनी तिला जरा बाजूला घेतलं. म्हणजे माझ्या आणखी जवळ. "ताई, लोक ताटात बघत्यात. आचारी कोन हाय ते बघायला कुनी आत जात न्हाई. तुमच्या नावानं माझं हॉटेल चालनार हाय का? मनावर घेऊ नका. जेवून जावा."

"माझ्या मोटारी द्या. आत्ता."

"आता कशा देऊ? फिक्स केल्यात त्या."

मदिनाने मला उचलायला हात घातला. मी हलले नाही. तिने स्टेअरिंगवर बोट ठेवलं, तेही हललं नाही. मग तिचं बोट व्हार्निशला चिकटलं आणि सुटताना चर्रकन आवाज झाला. तिने बोट नाकाशी नेलं. तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. नळाखाली मेलेली पाल दिसावी तसा झाला, एवढंच म्हणते. ती वळली आणि आबांचा हात धरून निघून गेली. जिन्याखालच्या मोरीपाशी जाऊन ती ओकली, हे मला आवाजावरून कळलं.

त्यानंतरच्या दोन वर्षांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तुम्हालाही जेवायचं असेल. माझ्याखाली तळणीची कढई होती. तिचं तेल हवेतून येऊन माझ्यावर बसायचं, त्यावर धूळ बसायची, त्यावर पुन्हा तेल. माझ्या टपावर बोट फिरवलं असतं तर मळाची वळी निघाली असती. गिऱ्हाइकं पैसे द्यायला उभी राहत आणि दात कोरता कोरता मला बघत. एकाने कोरून झालेली काडी माझ्या मागच्या फटीत खोचली, धुराडं म्हणून. सगळे हसले. मग ती पद्धतच पडली. पालीने माझ्या मागच्या सीटवर घाण केली ती कुणी पुसली नाही. शेजारची टपाची बस एका लग्नाच्या वऱ्हाडात फुटली. तिचे तुकडे केरात गेले. बाकीच्या चार मोटारींची चाकं एकेक करून लोकांनी उपटून नेली. लोकांनी केलं म्हणून मला त्यांचा राग नाही. जी वस्तू कुणाचीच वाटत नाही तिला लोक असंच वागवतात. मला राग होता तो पाटीचा. रोज सकाळी ती मात्र पुसली जायची.

आता सोनम. सोनम कोळपे भांडगावकडचीच. तिच्या आजोबांची मेंढरं होती, वडिलांनी शेती धरली, आणि ती पाबळच्या तंत्रशाळेत शिकून वेल्डिंगपासून ड्रॉइंगपर्यंत सगळं करायला लागली. दौंडात एक खोली घेऊन ती दहा-बारा मुलींना ड्रॉइंग शिकवायची. २००३ च्या उन्हाळ्यात ती हॉटेलात जेवायला बसली आणि ताट सरकवताना तिला टेबलाच्या काचेखाली एक आलेखाचा कागद दिसला.

माझे चौदा कागद फ्रेममध्ये कधीच गेले नव्हते. टेबलांच्या काचांखाली, खालचं लाकूड खराब होऊ नये म्हणून ते अंथरले होते.

सोनमने वेटरला विचारलं, वेटरने दौंडच्या रेल्वे कॉलनीतल्या बाईंचं सांगितलं, आणि ती दुसऱ्या दिवशी क्वार्टर शोधत गेली. तिथे काय झालं ते मला पुढे तिच्याच तोंडून कळलं.

"बाई, रेघ बघूनच मी हात मागं घेतला," तिने मदिनाला सांगितलं. "त्या रेघेवर माझं ताट होतं हो. कोपऱ्यात 'म. ब.' दिसलं, बाकीचं सगळं तेलानं खाल्लंय."

मदिनाने एकच विचारलं, "कुठल्या टेबलाखाली होतं?"

"हात धुवायच्या बेसिनजवळच्या."

मदिना उठली, चप्पल घातली आणि म्हणाली, "चल."

दोघी हॉटेलात आल्या तेव्हा दुपारची गर्दी ओसरली होती. सुदामशेठना आमचा वीट आलाच होता. फळी काढून तिथे विजेवर चालणारा धबधबा बसवायचा होता. मदिनाला बघून ते हसले. "या ताई. जेवनार ना?"

"नाही. माझं सामान न्यायला आलेय."

"न्या की. तसंबी धूळच खातंय."

मदिना टेबलापाशी गेली. सोनमने काच उचलून धरली. मदिनाने कागदाचा कोपरा चिमटीत धरला आणि तो तुटून हातात आला. रश्शाचं तेल, हळद, सांडलेलं पाणी, सगळं दोन वर्षं झिरपून कागदाचा लगदा झाला होता. त्याला आंबूस वास येत होता. एकेक करून तिने सगळी टेबलं पाहिली. चौदा काचा. वाचता येईल असं एकही पान उरलं नव्हतं.

सुदामशेठ म्हणाले, "कागदाचं काय एवढं? नवीन काढा."

मदिनाने हातातला लगदा त्यांच्या गल्ल्यावर, हिशेबाच्या वहीच्या मधोमध ठेवला. पदराला हात न पुसता ती म्हणाली, "सुदामशेठ, मला तुमचा राग येत नाही. राग माणसाचा येतो. मला तुमची किळस येते." आवाज नेहमीचाच होता. सुदामशेठ वहीत पसरणाऱ्या तेलाकडे बघत राहिले.

सोनमने लोखंडी पट्टीने फळीचा तुकडा उखडला आणि मी फळीसकट पिशवीत गेले. बाकीच्या चारांत न्यावं असं काही उरलं नव्हतं.

मला वाटलं, आता संपलं. घरी जाऊ, मदिना मला गरम पाण्यात घालील, ब्रश घेईल. पण तिने मला न्हाणीघरातल्या कोनाड्यात ठेवलं आणि दार लावलं. आबांनी एकदा मागितलं, म्हणून तिने मला फडक्यात धरून त्यांच्या हाती दिलं. त्यांनी बोटाने स्टेअरिंग चाचपलं. जोर लावला. हललं नाही. त्यांना आता जवळजवळ दिसत नव्हतं. ते म्हणाले, "चिकटलंय का ग?" आणि मला परत दिलं. मदिनाने मला पुन्हा कोनाड्यात ठेवलं ते माझ्याकडे न बघता. मित्रांनो, सुदामशेठचा अंगठा, पालीची घाण, कोरलेल्या काड्या, हे सगळं मी सोसलं. पण जिने मला उकिरड्यातून उचललं होतं, जिला दुधाने आंबलेल्या ठोकळ्यांची घाण वाटली नव्हती, तिला माझी शिसारी आली, ते मला सोसवेना.

तिला स्वतःचीही शिसारी आली होती. न्हाणीघराचं दार पातळ होतं, मला सगळं ऐकू यायचं. ती आबांना म्हणत होती, "जन्मभर दुसऱ्यांच्या नकाशांच्या नकला काढल्या. स्वतःच्या नकाशाची एक काढायला चार दिवस थांबले नाही. कशासाठी, तर कपाटावर नाव यावं म्हणून."

सोनम दर आठवड्याला यायची. तिच्या मुलींना तिला यंत्राची रचना समजावून द्यायची होती. फळ्यावर चित्र काढून त्यांना काही कळत नव्हतं. हातात घेऊन फिरवता येईल असं हवं होतं. "बाई, ते स्टेअरिंग पुन्हा करा ना," ती म्हणायची. मदिना बसायची, ठोकळे जोडायची, सोडवायची. बाहेरचं अंग तिला आठवत होतं. आतली पट्टी जमेना. दाते अडकायचे, नाहीतर सुटायचे. एकेचाळीस प्रयत्नांतला कुठला खरा ठरला होता ते डोक्यात उरलं नव्हतं. ती रचना आता जगात एकाच ठिकाणी होती, माझ्या पोटात. आणि माझं पोट उघडत नव्हतं. तिने पातळ पाती घालून पाहिली, गरम पाणी ओतून पाहिलं. प्लास्टिक एकजीव झालं होतं.

एका रविवारी दुपारी आबा म्हणाले, "काप तिला."

 मदिना म्हणाली, "अब्बा, ती तुमची मोटार आहे."

"माझी मोटार भंगारात गेली पोरी. मी तिच्या मागं पुलापतूर चालत गेलो, आन् परत आलो. हात लावाया धीर न्हाई झाला. निदान बोनेट उघडून एकदा बघितलं असतं तर आज तुला नीट सांगितलं असतं." मग ते म्हणाले, "तू माझ्यासारखी परत नको येऊ. काप."

पुतळाबाईंच्या जावयाकडून लोखंड कापायची करवत आणली. अंगणात पोतं अंथरलं. आबांनी मला दोन्ही हातांत धरलं, सोनमने खालून आधार दिला. मदिनाने पेन्सिलने माझ्या नाकापासून शेपटीपर्यंत रेघ मारली. व्हार्निशवर पेन्सिल चालत नव्हती, तरी रेघ सरळ आली. मग ती कापू लागली. आधी तोच घाणेरडा वास सुटला, तेल, माशी, सोल्युशन. मदिनाने तोंड फिरवलं, श्वास रोखला आणि कापत राहिली. मला दुखलं का, असं तुम्ही विचाराल. नाही. खूप दिवसांनी कुणीतरी मला उघडत होतं.

माझे दोन भाग झाले. आणि मदिनाने करवत खाली ठेवली.

सोल्युशन माझ्या कडांमधून उतरलं होतं, दात्यांची टोकं त्याने धरली होती, पण मधल्या पोकळीपर्यंत ते पोहोचलं नव्हतं. तेल पोहोचलं नव्हतं, धूळ नाही, काहीच नाही. आतले ठोकळे तिने बसवले त्या दिवसासारखे लाल होते. दांडा, चाक, पट्टी, सगळं कापलेल्या फळासारखं समोर होतं. मदिनाने बोट पुढे केलं, जरा थांबली, आणि आत घातलं. एकेका दात्यावरून फिरवलं.

"पट्टी उलटी होती," ती हळूच म्हणाली. "अब्बा, मी पट्टी उलटी लावली होती. दाते खाली नाही, वर."

आबांनी विचारलं, "घान हाय का आत?"

"नाही अब्बा. आत काही नाही."

त्या संध्याकाळी तिने माझा नकाशा काढला. नकाशाच्या भाषेत त्याला उभा छेद म्हणतात. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते, कुणी काढला, कुणी तपासला. पहिल्या रकान्यात तिने दोन अक्षरं न लिहिता पूर्ण नाव लिहिलं, मदिना बद्रुद्दीन शेख. दुसऱ्या रकान्यात आबांचा हात धरून त्यांची सही घेतली. सही रकान्याबाहेर गेली. मग तिने पारदर्शक कागद घेतला आणि तीन नकला काढल्या.

सोनमच्या मुलींनी पहिल्या वर्षी अकरा मोटारी केल्या. सगळ्यांची चाकं वळली असं नाही, सातांची वळली. उरलेल्या चार पुन्हा सोडवल्या. मदिना नोकरीतून मोकळी झाल्यावर तिथे शिकवायला जाऊ लागली. सुदामशेठचं हॉटेल चालूच आहे. धबधब्याशेजारी जुन्या मोटारींचा फोटो आहे आणि त्या आपणच केल्याचं ते अजून सांगतात, असं ऐकते. ऐकून शिसारी येते, पण आता पहिल्यासारखी नाही.

मी त्या वर्गात टेबलावर असते, दोन अर्ध्या. बाहेरून मी अजून ओशट आहे. ते व्हार्निश निघत नाही, डाव्या दिव्यावरची माशीही निघत नाही. नव्या मुली पहिल्यांदा मला बघतात तेव्हा "ई" करतात. त्यांना मी दोष देत नाही. पण तुम्हाला एक विनवणी करते, मित्रांनो. कुणाच्या हातची वस्तू घरी आणलीत तर ती टिकावी म्हणून तिला बुजवून टाकू नका. ती कशी उघडते ते करणाऱ्याला विचारा, आणि विचारताना त्याचं नावही विचारून घ्या. वस्तू मळली तर मळू द्या. मळ फार आत जात नाही, हे मी कापून घेऊन सांगते आहे.